मागच्या खिडकीखालचं झाड

मावलाई, शिलाँग
२२ फेब्रुवारी १९८७

ती. काँग रिडालिनला धाकट्या भावाचा, किटबोकचा खुब्लेइ. वि. वि.

मी घरी पोचलो. सिलचरहून सरळच निघालो होतो, पण जोवाईला एका ट्रकवाल्याच्या मेहुण्याच्या लग्नात वाढप्याचं काम निघालं, मग फुटबॉलचा सामना निघाला, त्यात आठवडा गेला. असो.

मेई गेल्यापासून घर बंदच. किल्ली देताना मामा म्हणाले, तुझ्या बहिणीला विचार, पावसाआधी येऊन चूल सांभाळणार आहे का, नाहीतर घर मावशीच्या थेइलिनकडे जाईल. आपल्यात घर मुलीचं असतं, आणि ही मुलगी तर आईला अग्नी दिला तेव्हाही वेल्लोरहून हलली नाही, असंही म्हणाले. मी किल्ली घेतली. पण काँग, गेलेल्या माणसाशी किती दिवस अबोला धरायचा?

खरं लिहायचं ते राहिलंच. मागच्या छोट्या खोलीच्या खिडकीखाली एक झाड फळांनी लगडलंय. पिवळी, बोराहून मोठी, अंगावर बारीक लव, घोसच्या घोस. आपल्या रानातलं सोहफी नाही, सोहशांगही नाही. शेजारची काँग थ्रिना म्हणते, तुझ्या आईने या झाडाला कधी कोयता लागू दिला नाही आणि याचं फळ कधी तोंडात घातलं नाही, मी तर शिवणारसुद्धा नाही. वर मलाच विचारते, झाड स्वप्नात आलं का, आलं तर सांग, तीरच्या सट्ट्यात त्याचा आकडा लावते. मला मात्र याची वाइन करायचीय. पहिला पेला तुझा. पत्र्यावर फळ पडलं ना, की आत कोणी कूस बदलल्यासारखं वाटतं. भर दुपारीसुद्धा.

पान सोबत ठेवलंय, ओळख पटते का बघ. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा
किटबोक

वेल्लोर
३ मार्च

चि. किटबोकला अनेक आशीर्वाद.

आधी हे ऐक. ओळख पटल्याशिवाय फळ तोंडात घालायचं नाही. लहानपणी रिठा खाऊन फेस काढला होतास, तो मी निस्तरलाय. आत बिया किती? फोडून वास घे. पाखरं खातात का? फुलं कधी येतात? पान मी इथल्या इस्पितळातल्या मुलींना दाखवते.

मामांना सांग, मी येणार नाही. आपला थोरला, बाह शेम, डेहराडूनला छापखान्यात होता, एकोणऐंशीच्या वसंतात तिथेच तापाने गेला, तिथेच जाळला, एवढंच मेईने कळवलं. आपल्यात मुलाची हाडं आईच्या कुळात परत येतात. तिने ती परक्या मुलखात टाकली. मी तिथे जाऊन सगळी स्मशानं पालथी घातली, त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. ज्या चुलीशी आपला भाऊ परतला नाही, ती मी का सांभाळू?

जेवण वेळेवर कर. थंडीत फिरू नकोस.

तुझी
रिडालिन

मावलाई
१२ मार्च

ती. काँगला खुब्लेइ.

तुझं पत्र येण्याआधीच मी खाल्लं होतं. मेलो नाही. आंबटगोड, रसाळ. आत दोन-तीन मोठ्या तपकिरी बिया, हातातून निसटतात. फोडल्या तर कडू बदामाचा वास. बुलबुल तुटून पडतात. थ्रिना सांगते, फुलं थंडी पडता पडता येतात, सगळं परसू घमघमतं. एक बरणी साखर-यीस्ट घालून लावलीसुद्धा, बियांसकट.

एक गंमत सांगू? गंमत नाही खरं तर. ते एक झाड नाही. खिडकीखाली एका वयाची चार-पाच खोडं एकमेकांत घुसलीत. लावणारा असं लावत नाही. मी आतल्या खाटेवर बसून, फळ खाऊन, बिया खिडकीबाहेर थुंकून पाहिल्या. बरोबर तिथेच पडतात. तेव्हापासून त्या खोलीत पाय ठेवलेला नाही.

तुझा
किटबोक

वेल्लोर
२० मार्च

चि. किटबोकला आशीर्वाद.

ती बरणी आजच ओतून टाक. आमच्या नेगी सिस्टरने पान पाहताच सांगितलं, लोकाट. तिच्या माहेरी, डेहराडूनला, परसापरसात असतं. त्याच्या बियांत विष असतं. बिया काढ, आतलं पातळ साल काढ, मग वाइन लाव.

नेगी म्हणते, बीपासून फळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. हिशेब मी केला, तू करू नकोस. डेहराडूनचं फळ आपल्या खाटेवर बसून कोणी खाल्लं? बाह शेम गेला त्या वसंतात तू कुठे होतास? मामांना चुलीसमोर बसवून विचार. तिथे ते खोटं बोलणार नाहीत.

रिडालिन

मावलाई
२९ मार्च

काँग,

त्या वसंतात मी जोवाईला होतो. छप्पर दुरुस्त करायचंय म्हणून मेईने मला तिकडे धाडलं होतं. छप्पर कोणी दुरुस्त केलंच नव्हतं.

मामांनी चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाले, शेम घरी आला होता. हातात लोकाटांची करंडी, आणि छाती पार पोखरलेली. मेईने त्याला मागच्या खोलीत ठेवलं. तुझी नर्सिंगची शेवटची परीक्षा तोंडावर होती. तो रोज विचारायचा, रिडा आली का. मेई रोज म्हणायची, उद्या येईल. मामांनी तार लिहिली, तिने फाडली. परीक्षेपर्यंत टिकेल असं तिला वाटलं होतं. टिकला नाही.

हाडं कुळाच्या दगडाखालीच आहेत. मामांनी स्वतः ठेवली. मेईने त्यांना शपथ घातली होती. हाडं टाकली म्हणून रिडाने माझा राग केला तर करू दे, म्हणाली. तो हाका मारत गेला हे कळलं, तर ती पुन्हा कुठल्या आजाऱ्याच्या उशाशी बसू शकणार नाही.

मी हे लिहायला नको होतं का? मला कळत नाही. तूच सांग.

किटबोक

वेल्लोर
७ एप्रिल

चि. किटबोकला पोटभर आशीर्वाद.

लिहिलंस ते बरं केलंस. पत्र वॉर्डातच वाचलं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने पाणी मागितलं, मी पत्र खिशात घालून त्याच्या उशाशी बसले, चमच्याने पाजलं. एक थेंब सांडला नाही. मेईचा अंदाज चुकला, हे तिला सांगायला हवं होतं.

शेवटची घरी आले तेव्हा मी तिला म्हणाले होते, तू आई नव्हेसच. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली, आणि जेवून जा म्हणाली. मी जेवले नाही.

मामांना सांग, घर थेइलिनकडे देऊ नका. शनिवारी निघते आहे. तू दार मात्र उघडं ठेव, मला ठोठावायला लावू नकोस. वाटतं, मेईच उठून उघडेल, आणि तोंडातून शब्द फुटायच्या आत विचारेल, जेवलीस का.

तुझी
रिडा