आखाजीचं माहेर

फैजपूर, जून १९८९

चि. सौ. प्रमिला,

तुझ्या अमेरिकेत आखाजीच्या सणाला सासुरवाशिणी कोणाकडे जातात गं? शेजारची पंजाबी सून माहेराच्या आठवणीनं रडत होती, म्हणून तू तिला आखाजीला घरी आणलंस, हे वाचल्यापासून मला राहवत नाही. आमरस डब्यातला का? पार्कातल्या झोक्यावर बसवलंस, पण गाणी कोणी म्हटली? जाताना ओटी भरलीस ना?

इकडे नानांनी यंदाही तुझ्यासाठी निंबाला झोका बांधला. तो रिकामा बघून, पुढल्या आखाजीला तू येच, असं मी लिहायला बसले. मग वाटलं, त्या दिवशी ती पंजाबी पोर हौसेनं तुझ्या दारी येईल आणि तिच्या माहेराला कुलूप असेल.

म्हणून हे पत्र टाकत नाही. झोका मात्र सोडू दिला नाही. संध्याकाळी मीच बसते.

तुझी माय,
सुगंधा