कळशीचं झाड

आये, तू जाऊन चाळीस वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसलेय. कारण एक झाड आहे. नात परदेशी शिकायला गेली, जाताना आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये खिडकीत कुंडी ठेवून गेली. चार वर्षं तिने स्वतःच्या हाताने वाढवलेलं. पानाच्या टोकाला कळशी येते, बोटाएवढी, वर झाकण, आत पाणी. माशी पडली की झाड तिला जिरवून टाकतं. तिने बजावलेलं, नळाचं पाणी नको, एसीचं गळतं ते बादलीत धर आणि तेच घाल. खत तर नकोच. "आजी, ते उपाशी राहिलं तरच कळश्या धरतं. पोट भरलं की नुसती पानं."

मी हो म्हटलं, आणि तूच समोर उभी राहिलीस. मानपाड्याचं आपलं घर, तू चुलीपाशी पेज गाळतेयस. भात भावाच्या ताटात, पेज माझ्या वाडग्यात. मी आठ वर्षांची, भात मागते, तर पळी आपटून म्हणतेस, "पोरीला पोटभर खायची सवय लागली की सासरी मार खाते." त्याच साली शाळाही सोडवलीस. तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात कुणी उपाशी राहणार नाही.

मग काय. तांदळाचं धुवण फेकायचं नाही, तुळशीला घालायचं, ही सवय तुझीच. मी ते या झाडाला रोज घातलं. पानं अशी फोफावली की शेजारीण बघायला आली. कळश्या मात्र एकेक करून काळ्या पडल्या, नवी एकही धरली नाही. नात फोनवर झाड दाखव म्हणते, मी म्हणते कॅमेरा बिघडलाय. काल तिने विचारलंच, "आजी, खरं सांग, काय घालतेस?" म्हटलं, पाणीच. तिला कळलंय.

तुझं खरं ठरलं असं समजू नकोस. मी झाड नव्हते. तरी आज सकाळी धुवण मोरीत ओतलं, आणि हात जड झाला. हा कागद पाठवायचा कुठे, कुंडीखाली घडी घालून ठेवीन, भिजून जाईल. एक राहिलं. भात कुणाला, पेज कुणाला, हे मी जन्मभर उगाळलं. तुझ्या ताटात काय असायचं ते मात्र आठवत नाही. मी कधी बघितलंच नव्हतं.