डब्यातला कोको

३ मार्च
आणि म्हणे चूक माझीच. दादाचं हे नेहमीचंच. आईला गरगरलं की खापर माझ्यावर, मी बेट सोडून पनामा शहरात आलो म्हणून. स्वतः लग्न करून सासऱ्याच्या घरी नांदायला गेला. आम्हा गुना जमातीची रीतच ती, त्याचं काही नाही. पण आईचं घर तिथून वीस पावलांवर. तिच्याकडे बघायला काय होतं?
फोनवर म्हणतो, "आपल्या लोकांना काळजाचं दुखणं होत नाही रे. आपण कोको पिणारी माणसं. गोळ्या शहरातल्यांना."
म्हटलं, मग बेटावरच्या दवाखान्यातल्या सिस्टरच्या प्रेशर मोजायच्या यंत्रात एकशे अठ्ठ्याहत्तर कुणाचं आलं?
"यंत्राला खारी हवा लागलीय."
फोन ठेवला. आई मरेपर्यंत यंत्रच बिघडलेलं राहणार याचं.

५ मार्च
दिवसभर हॉटेलची भांडी. फुटलेल्या ग्लासनं हात कापला, टाके पडले. बाकी काही नाही.

८ मार्च
हाताचे टाके दाखवायला गेलो, तर डॉक्टरीणबाई बोलक्या निघाल्या. गुना म्हटल्यावर म्हणाल्या, "तुमच्या बेटांवरच्या म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर वाढत नाही म्हणे. कोकोमुळे असेल असं काहींना वाटतं."
मी छाती फुगवून सांगितलं, आमची आई दिवसातून चारदा पिते. मी स्वतः कोकोचा डबा पाठवतो, दर महिन्याला.
"कसला डबा?"
हॉटेलच्या फडताळात तोच डबा असतो. परत आल्यावर मागची बारीक अक्षरं वाचली. एकेक अक्षर जुळवत वाचायला मला वेळ लागतो. पहिली साखर. मग दुधाची भुकटी. कोको तिसरा!

९ मार्च
पुन्हा गेलो. टाके दाखवायचं निमित्त. बाई म्हणाल्या, गुण असलाच तर बियांच्या कडू कोकोत, आणि तोही कदाचित. ताजे मासे, होडी वल्हवणं, कमी मीठ — कशाचा वाटा किती, हे अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही. "कोको खुशाल प्यायला दे. पण गोळी रोज. त्यात कदाचित नाही."
चौदा डबे पाठवले मी. पहिला मिळाल्यापासून आईनं बिया भाजणं सोडलं. "लेकानं शहरातून पाठवलाय, आता चुलीपुढे कशाला बसू?" रिकामे डबेसुद्धा फळीवर मांडलेत. आल्यागेल्या बायकांना दाखवते.
दादाचं बरोबर होतं. चूक माझीच. पण त्याला वाटते ती नाही.

१२ मार्च
बाजारातून दोन किलो बिया घेतल्या. महिन्याच्या गोळ्याही, सिस्टरशी फोनवर बोलून. कार्तीच्या धक्क्यावरून बेटाकडे सुटणाऱ्या होडीवर दिल्या. होडीवाल्याला दोनदा सांगितलं — आईच्या हातात.

२४ मार्च
आईचा फोन. बिया जाळल्या. सगळ्या.
बेटावर तापाची साथ आली, म्हणून रोग पळवायला कोकोच्या बियांचा आठ दिवसांचा धूर घातला. असा धूर घालतात तेव्हा घरटी बिया द्याव्या लागतात.
"आई, त्या प्यायच्या होत्या."
"घरात असताना नाही म्हणू? त्या धुरानं अख्खं बेट राखायचं, आणि मी एकटीच पेल्यात ओतून बसू?"
गोळीचं विचारलं. "घेते घेते," म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

२७ मार्च
सिस्टरचा फोन. महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या! आईनं निम्म्या शेजारच्या ओलिंदा मावशीला दिल्या.
फोन आईला द्यायला सांगून तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "तिलाही गरगरतं. मासा एक मिळाला तरी अर्धा तिच्याकडे जातो, तर गोळी कशी लपवू?"
फोन परत घेऊन सिस्टर म्हणाली, "ओरडून ऐकायच्या नाहीत या. न तपासता एकीची गोळी दुसरीला चालत नाही, ते मी समजावते. तू तिथून काय करतोस ते बघ."
मावशीचा पोरगा विल्फ्रेडो इथं माझ्याच खोलीत राहतो. डबा तोही पाठवतो. सिस्टरला लगेच उलटा फोन केला. म्हटलं, ज्या ज्या घरात डबा दिसेल, तिथल्या बाईच्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघा. मला आकडे कळवा. बघतोच.

२ एप्रिल
यादी आली. अकरा बायका, सगळ्यांचे आकडे चढलेले. दादानं स्वतः दारोदार फिरून त्यांना दवाखान्यात आणलं. यंत्राबद्दल आता बोलत नाही. अकराही जणींची पोरं इथं शहरात. सुट्टीचा सबंध दिवस खोल्या पालथ्या घातल्या. विल्फ्रेडो म्हणाला, "आमची म्हातारी ठणठणीत आहे, उगाच घाबरवू नकोस." मी यादी पुढे केली. एकशे चौऱ्याऐंशी. त्यानं गुपचूप पाकीट काढलं.
या महिन्यात कुणीही डबा पाठवणार नाही. प्रत्येकीच्या नावाची सिस्टरनं सांगितलेली गोळी, प्यायच्या बिया, आणि धुरासाठी वेगळं पोतं. सगळं उद्या कार्तीच्या होडीनं सिस्टरच्या हाती. त्यासाठी जमलेली वर्गणी — दोनशे सदतीस डॉलर.