बंड्या बसला नाही

रविवार, ९ फेब्रुवारी १९८६, मुलुंड

तीन महिने रोज सकाळी मैदानावर नेऊन आमच्या बंड्याला ‘बस’, ‘थांब’ शिकवलं ते मी. आज नवशिक्या कुत्र्यांची स्पर्धा होती. फॉर्मवर मालक म्हणून ह्यांचं नाव, म्हणून पट्टा धरून आत हेच गेले. मी दोरीबाहेर. एक दिवस तरी आले होते का शिकवायला?

बंड्या बसलाच नाही. मान वळवून मला शोधत राहिला. ह्यांनी पट्ट्याला हिसका दिला, तरी मलाच शोधत राहिला. परीक्षकांनी बाद केलं.

बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझं शिकवणंच कच्चं!"

मी गप्प. सतरा वर्षं गप्पच आहे. पण खरं लिहू? आतून बरं वाटलं. ह्यांचं न ऐकणारं घरात कुणीतरी निघालं.