चार डब्यांचं मलम

४ फेब्रुवारी

जखम तशीच. डाव्या तळपायाला, अंगठ्याखाली. आरशात बघावी लागते. दुखत नाही — दुखत नाही हाच तर रोग! साखरेने नसा मारून टाकल्या. काल जिन्यात चप्पल गळाली, मी तशीच वर. नवरा चप्पल हातात घेऊन मागून आला. "सभा गाजवतेस, आणि स्वतःच्या पायात काय आहे ते कळत नाही." हसले. दमलेय.

सर्जन म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत भरली नाही तर पाऊल जाईल. म्हणून हॉस्पिटलात नव्या मलमावर जे संशोधन चाललंय, त्यात नाव घातलं.

७ फेब्रुवारी

मलमाची डबी मिळाली. काहींच्या डबीत नवं औषध, काहींच्या नुसतं साधं मलम. कुणाची कुठली, हे देणाऱ्या डॉक्टरीणबाईलाही ठाऊक नाही. माझ्या लेकीच्या वयाची. नीट समजावून सांगते, घाई करत नाही. सही केली, पण कागद दोनदा वाचून. गरिबांवर न विचारता केलेल्या प्रयोगांबद्दल किती वाचलंय, किती भाषणं ठोकलीत! इथे निदान विचारलं तरी.

२१ फेब्रुवारी

ड्रेसिंगच्या बाकावर आम्ही चौघं — शिंपी, निवृत्त बस ड्रायव्हर, एक मुख्याध्यापिका आणि मी. शिंप्याची जखम टाचेला. मशीन पायाने चालवतो, घरात कमावता तो एकटाच. म्हणाला, "ताई, माझ्या डबीत नुसतंच मलम असलं तर?"

मग माझी जीभ सुटली. बाकावरूनच! औषध आहे आणि ते चिठ्ठ्या टाकून वाटायचं? नशिबाला न्याय म्हणायला कधीपासून लागलो आपण? एकाचा पाय वाचवायचा आणि दुसऱ्याचा सडताना मोजत बसायचं? बरंच बोलले. ड्रायव्हरने शांतपणे विचारलं, "बाई, टाळ्या वाजवू की काही करू?"

मी माझी डबी पुढे केली.

मुख्याध्यापिकेचं घर हॉस्पिटलच्या मागेच. तिने वाडगं उकळून घेतलं, चारही डब्या त्यात रिकाम्या केल्या, ढवळल्या, सारखं वाटून परत भरल्या. पेपर तपासावेत तशी काटेकोर. दर वेळी नव्या डब्या मिळाल्या की असंच करायचं ठरलं. घरी येताना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

५ मार्च

साखर चढलेली. जखम तशीच. पुस्तक उघडलं, मिटलं.

२८ मार्च

शिंप्याची टाच कडेने भरत आलीय. लहान मुलासारखा सगळ्यांना दाखवत सुटतो. माझ्या जखमेला वास येतो. नवऱ्याने खिडकी उघडली.

९ एप्रिल

बिंग फुटलं. डॉक्टरीणबाईने मलम कसं लावता एवढंच विचारलं, तर ड्रायव्हर छाती फुगवून सांगून मोकळा — आमच्यात सगळं सामाईक!

तिने मला आत बोलावलं. ओरडली असती तर बरं होतं. मी वाद घातला, दाखले दिले, आवाज चढवला. तिने सगळं ऐकून घेतलं. मिसळल्याने औषध पातळ झालं, त्याचा जोर गेला, म्हणाली. मग म्हणाली, "ताई, शिंपीकाकांची टाच औषधाने भरली की आपोआप, हे आता कुणालाच कळणार नाही. पुढच्यांना मी काय देऊ?"

चौघांनाही अभ्यासातून वगळलं. तिचेही डोळे ओढलेले होते.

१६ एप्रिल

हाडापर्यंत गेलंय. शुक्रवारी पाऊल काढायचं. नवरा म्हणाला, "व्यासपीठावर खुर्ची मागून घेऊ. आवाज काय पायातून येतो?" मग मोरीत जाऊन एकच पेला कितीतरी वेळ धूत राहिला.

१७ एप्रिल

शस्त्रक्रिया ठरली की त्या रुग्णाची डबी कुठली ते उघड करतात, असा नियम; आमचं मिसळलेलं, म्हणून चौघांचंही उघडलं. डॉक्टरीणबाई स्वतः सांगायला आली. आम्हा चौघांत औषध एकाच डबीत होतं. माझ्या.

शिंप्याला सांगू नका, म्हटलं.