गॅस प्लगची खूण

मंगळवार, संध्याकाळ

चांदमारी संपल्यावर मी रायफल साफ करून कोतात, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारात, जमा केली. पिस्टनवरची काजळी घासली, नळीतून तेलाची चिंदी ओढली. शेवटी गॅस प्लग बसवताना आईचा फोन आला अन् बोलता बोलताच तो फिरवला. खूण वर होती की खाली? आठवतच नाही.

उलटा बसला असेल तर गॅसची वाट बंद. पहिली गोळी सुटेल, पण पिस्टन मागे ढकलला जाणार नाही. दुसरी गोळी हाताने खेचूनच चढवावी लागेल. तेवढा वेळ कोण देतं?

कोतातल्या हवालदार काकांना फोन केला.

"तुही रायफल वंदना घेऊन गेली. कैद्याले नागपूरले नेऊन राह्यली."

वंदना माझ्यासोबतची शिपाई, मला ताई म्हणते. तिचा फोन लागत नाही. पाच वेळा लावला. खूण वरच असेल. असेल ना?

पुन्हा काकांना विचारलं, "जाताना तिनं प्लग पाह्यला का?"

"मी म्हटलं होतं, पाहून घे पोरी. तर म्हणे, ताईनं साफ केली ना, मंग काय पाहाचं?"