टोपीवाल्याची कशी जिरवली

३ मार्च
चाऱ्याच्या दुकानाच्या दारावर टोपीवाल्याचं पोस्टर. हातभर रुंद टोपी, शेजारी पांढरा घोडा, दोघंही हसताहेत. खाली: ‘सुप्रसिद्ध अश्वप्रशिक्षकांचं क्लिनिक’. हा माणूस माझ्या हाताखाली लीद उचलायचा. खोगीर कुठल्या बाजूने घालतात हे मी शिकवलं त्याला. आता कानाला माइक लावून लोकांना त्यांचेच घोडे समजावून सांगतो. लोक टाळ्या वाजवतात.
जिरवली पाहिजे.

४ मार्च
रायडिंग स्कूलची नोकरी सोडली. मॅनेजर ‘बरं’ म्हणाला. धक्क्याने दुसरं काही सुचलं नसेल.
योजना: आधी स्वतःची क्लिनिक्स, मग परदेश दौरे, मग टोपीवाला माझ्याकडे नोकरी मागायला येणार. त्याला बाहेर बाकावर ताटकळत ठेवायचं. बाकाची जागा ठरवली. दुपारभर ऊन येतं तिथे.

५ मार्च
हिला सांगितलं. ही म्हणाली, त्याने तुमचं नेमकं काय बिघडवलंय? म्हटलं, तो माझ्या पुढे गेला. ही म्हणाली, ते तर बरेच जण गेले.
हिला आमच्या धंद्यातलं राजकारण कळत नाही.

९ मार्च
दारावर ‘क्लिनिक’ अशी पाटी लावली. सासूबाई गुडघा दाखवायला आल्या. क्लिनिक म्हणजे घोडा आणि त्याचा मालक, दोघांना चारचौघांत शिकवण्याचा कार्यक्रम, हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, आलेच आहे तर बघा. बघितला. सूज लगेच सापडली. घोड्यांच्या पायांवर तयार झालेली बोटं आहेत ही. गार पाण्याची पट्टी सांगितली. उतार पडला. पहिली केस यशस्वी.

२१ मार्च
सावज आपण होऊन चालून आलं. गुरांच्या डॉक्टरीणबाईंची तांबडी घोडी व्हॅनमध्ये चढत नाही. टोपीवाल्याने बघून सांगितलं म्हणे, ती घाबरते, महिनाभर लागेल. मी म्हटलं, मला अर्धा तास द्या, आणि सगळ्यांसमोर द्या. बाई म्हणाल्या, मारायचं नाही एवढंच. म्हटलं, मी नजरेने काम करतो.
पहिल्या रांगेचं आमंत्रण टोपीवाल्याला स्वतः नेऊन दिलं. ‘नक्की येतो, सर’ म्हणाला. ‘सर’ टोचून म्हणाला असणार.

२८ मार्च
आरशासमोर नजरेचा सराव. ही म्हणाली, डोळे आले असतील तर थेंब आहेत कपाटात.

११ एप्रिल, सकाळ
मैदान भरलं. माइक चालू. टोपीवाला पहिल्या रांगेत, टोपी काढून मांडीवर. मागच्यांना दिसावं म्हणून, म्हणे. नुसता दिखाऊपणा. आज त्याचं नाक कापलं जाणार.

११ एप्रिल, संध्याकाळ
शांतपणे लिहितो.
नजर लावली. घोडीने दुसरीकडे बघितलं. दोर ओढला. तिनेही ओढला. तिचं वजन जास्त. मग मीच व्हॅनमध्ये शिरलो आणि आतून बोलावलं. गोड बोललो, दरडावलं, शेवटी हात जोडले. कानाला माइक आहे हे विसरलो. ‘बाई गं, त्या टोपीवाल्यासमोर माझी अब्रू घालवू नकोस, चढ, वाटलं तर लगेच उतर’, हे अख्ख्या मैदानाने ऐकलं.
लोक हसून लोळायचे बाकी राहिले. टोपीवाला हसला नाही. तो उठून आला, रॅम्पच्या कडेला बसला आणि म्हणाला, सर, दोर सैल सोडून नुसतं बसू या. बसलो. बाहेर येऊन, रॅम्पच्या दुसऱ्या कडेला. बऱ्याच वेळाने घोडीने रॅम्पचा वास घेतला, एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि आमच्या मधून आत गेली.
टाळ्या. तो माझ्या माइकपाशी वाकून म्हणाला, घोड्याजवळ गप्प बसायला मला सरांनीच शिकवलं, तबेल्यात तासन्‌तास भिंतीला टेकून, डोळे मिटून बसायचे.
मी तेव्हा झोपलेला असायचो. त्याला हे माहीत नसावं. की असावं?
ज्याची जिरवायची त्यानेच आभार मानले तर माणसाने करायचं काय?

१३ एप्रिल
व्हिडिओ घरोघरी पोचला. दूधवाला मला बघून ‘चढ’ म्हणाला. टोपीवाल्याला आता सोडत नाही.

३० मे
एकही घोडा आला नाही. टोपीवाल्याचा फोन आला. माझ्याबरोबर काम कराल का, सर? म्हटलं, मानाने असेल तरच. तो म्हणाला, अर्थात, प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात तुम्हीच करायची.
होकार दिला. आतून पोखरायला सोपं.

१६ जून
माझा भाग: ‘घोड्याशी कसं वागू नये’. टोपीवाला म्हणाला, तयारी नको, नेहमीसारखं करा. केलं. घोडा जागचा हलला नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं स्पष्ट कुणी समजावलं नव्हतं. टोपीवाल्याला माझ्या निम्म्यानेही टाळ्या नाहीत. जळला असणार.

१९ जुलै
आज घोटाळा झाला. मी दोर ओढला, दरडावलं, आणि घोडा निमूट चढला. मैदान चिडीचूप. टोपीवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, सर, असं परत नको, लोकांचा गोंधळ होतो.
मी माफी मागितली.